मदत हवी आहे: टिलरची जुनी ट्रॉली कमी खर्चात उभी करायचीय

मंडळी, गोव्यात डिचोलीला काकांच्या कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) पॉवर टिलरच्या मागे लावायची दोन चाकी ट्रॉली माडाखाली पडून आहे, नारळ-शेणखत वाहायला परत चालू करायचीय. तळाचा पत्रा गेलाच, बोट दाबलं तर आरपार जातं, पण मधला चॅनल (ट्रॉलीचा भार पेलणारी लोखंडी तुळई) हातोडीने ठोकला की खणखणीत वाजतो, फक्त हूकजवळ पाणी साचायचं तिथे पापुद्रे सुटलेत. एक्सल सरळ आहे, बेअरिंगं घरघरतात, ती बदलणारच.

नवीन चेकर प्लेटचं (उठावदार नक्षीचा जाड पत्रा) बजेट नाही. भंगारात बार्जचा (नदीतून माल नेणारी सपाट बोट) कापलेला ६ मिमी पत्रा किलोवर मिळतोय, पण तो चौरस मीटरला ४७ किलो भरतो, सगळा तळ त्याचाच केला तर टिलर माल ओढणार की नुसती ट्रॉली? म्हणून तो फक्त हूकजवळ पॅचला वापरायचा आणि तळाला जुन्या घराच्या किंदळीच्या फळ्या बोल्टने बसवायच्या असं डोक्यात आहे.

आता मला सांगा, पापुद्रे सुटलेल्या चॅनलवर वरून पॅच वेल्ड केला तर धरेल का की सडका भाग कापून नवा तुकडाच घालावा? वेल्डर म्हणतो पॅच चालतो, मला पटत नाहीये, हूक रस्त्यात निसटला तर संपलंच. फळ्यांमध्ये फट किती ठेवायची, पावसात लाकूड फुगतं ना? आणि रेड ऑक्साइड प्रायमरवर साधा ऑइलपेंट पुरेल की इपॉक्सीच मारू? बार्जचा जुना रंग घासताना मास्क लावणार आहे, त्यात शिसं असू शकतं.

कोणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज, चतुर्थीआधी काम उरकायचंय.