शब्द हवा: आइस हॉकीतल्या 'डिफेन्समन'ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडकर
मुलगी कॅलगरीला असते. बारा वर्षांचा नातू तिथे आइस हॉकी खेळतो, डिफेन्सला. थंडीत त्यांचा शनिवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आमची रविवारची सकाळ, साडेसात. चहाचा कप घेऊन मी फोनसमोर बसतो. अर्धा हंगाम झाल्यावर प्रशिक्षकांनी प्रत्येक पोराचं लेखी मूल्यमापन दिलं. मुलीने ते मला पाठवलं, "आईला मराठीत वाचून दाखवा" म्हणून. मी पहिल्याच शब्दाला अडलो. 'बचावपटू' म्हटलं तर आमची ही विचारते, "कशातून बचावला?"
पुढे गॅप, पिंच, शिफ्ट, प्लस-मायनस आहेच. शिवाय 'स्टे-ॲट-होम डिफेन्समन', म्हणजे हल्ल्याला पुढे न जाता मागेच थांबणारा. हे शेवटचं मी 'घरकोंबडा' असं वाचलं आणि घरात भांडण झालं.

ऐरोलीकर
काका, काकूंचा प्रश्न रास्त आहे. मराठीत माणूस अपघातातून बचावतो, आरोपी कोर्टात बचाव करतो. दोन्हीकडे जो तो स्वतःला वाचवतो. दुसऱ्याचं काही सांभाळणाऱ्याला आपण 'रक्षक' लावतो: गोलरक्षक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक. बचावपटू फुटबॉलच्या बातम्यांतून रुळलाय, तो आता कोणी काढणार नाही. पण मूल्यमापनात 'बचाव चांगला' लिहिलं की कळत काहीच नाही.
'बचावफळी'ही इथे नको. फळी म्हणजे रांग, 'शत्रूची फळी फोडली' मधली. फुटबॉलमध्ये चौघे ओळीने असतात, तिथे शोभते. आइस हॉकीत गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर आणि त्यात डिफेन्सचे दोनच. दोघांची कसली फळी? जोडी म्हणा. पहिली जोडी, दुसरी जोडी, तिसरी जोडी.

कोपरारक्षक
मी कळव्याचा. वीस वर्षं डाव्या कोपऱ्यात कबड्डी खेळलो, गुडघे त्याची साक्ष देतात. बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या गुऱ्हाळात, पण तुमची यादी वाचून हसू आलं. सगळं आमच्याच घरातलं आहे.
'पिंच' म्हणजे काय ते नातवंडांच्या व्हिडिओत पाहिलं. प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडच्या निळ्या रेषेवर उभा असलेला डिफेन्सवाला चकती (चेंडूच्या जागी असते ती, पक) बाहेर जाऊ नये म्हणून कडेने पुढे घुसतो. मिळाली तर हल्ला चालू राहतो. हुकली तर मागे मैदान मोकळं आणि समोरचे दोघे सुसाट. कबड्डीत चढाईपटू अजून पाय टाकायचाय आणि कोपरा आधीच झेपावला, तर याला आम्ही 'घाई केली' म्हणतो. प्रशिक्षक कितीदा ओरडायचे, "उतावळा होऊ नको!" तेव्हा मूल्यमापनात 'पिंच जास्त करतो' असेल तर सरळ लिहा: 'पकडीला उतावळा'. काकूंना लगेच समजेल.
आणि दंड होऊन एक गडी बाहेर बसला की दोन मिनिटं चौघांनी पाचांना थोपवायचं असतं ना? आमच्याकडे तिघे किंवा कमी उरले असताना केलेली पकड म्हणजे अव्वल पकड, एक गुण जादा. त्या दोन मिनिटांत पोरगा कसा उभा राहतो ते बघा. बाकीचा हंगाम विसरा.

ऐरोलीकर
बाकीचा हंगाम कसा विसरायचा! पण 'उतावळा' मान्य. 'गॅप'चं काय? मागे सरकणारा डिफेन्सवाला आणि चकती घेऊन येणारा, यांच्यातलं अंतर. फार ठेवलं तर त्याला मारायला जागा मिळते, फार कमी ठेवलं तर तो बगल देऊन निघतो.

कोपरारक्षक
अंतर राखणे. 'अंतर देणे' मात्र चुकूनही लिहू नका. "अंतर देऊ नकोस" हे आपण देवाला म्हणतो. 'हंगामभर अंतर दिलं' वाचून आजी रडेल.

रात्रपाळी
रबाळे एमआयडीसी, म्हणून हे नाव. शिफ्टला, म्हणजे एका दमात बर्फावर खेळायच्या वेळेला, 'पाळी'च. आमची आठ तासांची, यांची साधारण पाऊण मिनिटाची, एवढाच फरक. डाव नको, डाव संपतो. पाळी परत येते. आणि थकलेला माणूस पाळी लांबवतो तेव्हा घोळ होतो, हे मशीनवरही खरं आहे आणि बर्फावरही.

आकडेमोड, वाशी
प्लस-मायनसवर बोलू का? 'अधिक-उणे' चांगला शब्द आहे. तुम्ही बर्फावर असताना आपला गोल झाला तर अधिक एक, आपल्यावर झाला तर उणे एक. समोरचा गडी दंडात असताना त्या पॉवर प्लेमध्ये केलेला गोल यात धरत नाहीत; उलट आपला गडी कमी असताना आपण गोल केला तर तो धरतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बॉबी ऑर या बॉस्टनच्या डिफेन्समनने १९७०-७१ च्या हंगामात अधिक १२४ केले, तो विक्रम अजून टिकून आहे. त्याच हंगामात त्याचे गोल आणि पास मिळून १३९ गुण होते. म्हणजे डिफेन्सचा माणूस फक्त थोपवतो हे गृहीतक त्याने मोडीत काढलं. उत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी १९६८ ते १९७५ सलग आठ वर्षं त्याच्याकडेच होती.
पण याच ट्रॉफीवर १९८३ आणि १९८४ साली रॉड लँगवेचं नाव लागलं, आणि १९८२-८३ च्या हंगामात त्याचे गोल होते तीन. तीन! हाच तो काकांचा 'घरकोंबडा'.
आणि हे अधिक-उणे एकट्याचं नसतं. गोलरक्षक ढिला असेल किंवा जोडीदार उतावळा असेल, तर उणे तुमच्याही नावावर. पोरांच्या पातळीवर तर त्याचं उणेदुणे होतं, आणि तेच काढत बसतात पालक. बारा वर्षांच्या मुलाच्या कागदावर हा आकडा का घातला हेच मला कळत नाही.

नौपाडकर
घातला आहे. उणे तीन. हिने पाहिलाय. काही बोलली नाही, पण लाडू करून पाठवायचं म्हणते.

ऐरोलीकर
घरकोंबड्याला 'किल्लेदार' कसा वाटतो? बाकीचे मोहिमेवर, हा गडावर.

कोपरारक्षक
किल्लेदार आत बसून हुकूम सोडतो. हा पोरगा दारात उभा आहे. 'ठाण मांडणे' आहे ना आपल्याकडे? कोपऱ्यात आम्ही ठाणच मांडायचो. ठाण सोडलं की शिव्या.

रात्रपाळी
ठाणवाला! ठाणेदार!

ऐरोलीकर
ठाणेदार म्हणजे पोलीस हो. पण 'ठाण राखून खेळतो' हे वाक्य म्हणून पक्कं बसतं. एका शब्दाचा हट्ट कशाला? इंग्रजीत तो शब्दसमूह आहे, मराठीत क्रियापद असू द्या. रक्षणाचे सगळे चांगले शब्द आपल्याकडे क्रियापदंच आहेत: राखणे, थोपवणे, अडवणे, कोंडणे, हुसकणे.

आकडेमोड, वाशी
कोंडणे! चकतीसकट माणसाला कडेच्या फळ्यांशी दाबून धरतात, त्याला तोच शब्द.

नौपाडकर
काल रात्री वाचून दाखवलं. "अंतर राखतो, ठाण राखून खेळतो, पाळी वेळेत संपवतो, पण पकडीला उतावळा आहे." ही म्हणाली, "हे बर्फावरचं कुठे, हे तर तुमचं वर्णन." उणे तीन मी वगळलं.
सकाळी नातवाला फोनवर सांगितलं की तू ठाण राखून खेळतोस. त्याने आईला विचारलं, "आजोबा मला ठाण्याला बोलावतायत का?"