खाऊ कमवावा लागतो का?

पाचपाखाडीची आई

भाजी संपव, मग आइसक्रीम. पाढे म्हण, मग मोबाइल. चाचणीत वीसपैकी अठरा आण, मग रविवारी मॉल. शाळेच्या गेटवर, सोसायटीच्या बागेत, घरच्या कार्यात, जिथे पालक बोलतात तिथे हेच ऐकू येतं. मुलांना आवडणारी प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या अटीवर लटकलेली. माझं स्पष्ट मत आहे की हे थांबायला हवं. खाऊ ठरलेल्या वेळी मिळावा आणि त्या आठवड्यात मूल कसं वागलं, किती मार्क पडले, याचा त्याच्याशी काहीही संबंध नसावा.

अट घातली की मूल लगेच हिशेब शिकतं: दुधी म्हणजे शिक्षा आणि आइसक्रीम म्हणजे सुटका. लीन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर हे तपासून पाहिलं आहे. १९८० च्या अभ्यासात जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला, तो मुलांना आधीपेक्षा जास्त आवडायला लागला. १९८४ च्या अभ्यासात 'हे पिऊन टाक, मग ते मिळेल' असं सांगून जे पेय प्यायला लावलं, ते आधीपेक्षा नावडतं झालं. म्हणजे आपण रोज जेवणाच्या टेबलावर जे करतो त्याने भाजीची आवड कमी होते आणि आइसक्रीमची वाढते. आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

अभ्यासाचंही तसंच. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला.

आमच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ खाऊची असते. कधी तलावपाळीवर बर्फाचा गोळा, कधी स्टेशनाजवळ वडापाव, मे महिन्यात येऊरकडच्या बायका करवंदं-जांभळं घेऊन बसतात ती. कधी ठाण्याहून वाशीपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलने खिडकीत बसून जायचं आणि यायचं, बस. लेकाने दुपारी बहिणीला मारलेलं असलं तरी शुक्रवार रद्द होत नाही. मारल्याबद्दल वेगळं बोलणं होतं, ते बोलणं खाऊच्या तोंडून होत नाही.

तुमच्याकडे काय रीत आहे? आणि खाऊ म्हणून तुम्ही नक्की काय काय धरता?

निवृत्त शिक्षिका, नौपाडा

पूर्ण असहमत. मी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलं आहे, तेव्हा थोडं स्पष्ट लिहिते.

तुम्ही सांगितलेल्या १९७३ च्या प्रयोगातली मुलं मुळातच चित्रांची वेडी होती. ज्याची आवड आहे त्याला बक्षीस लावू नये, हे मलाही मान्य. पण सतराच्या पाढ्याची आवड घेऊन कोणतं मूल जन्माला येतं? शुद्धलेखनाची? सुरुवातीला ढकलावंच लागतं. एकदा पाढा पाठ झाला, गणितं पटापट सुटायला लागली, की त्याची गोडी आपोआप लागते आणि मग बक्षिसाची गरज उरत नाही. तिथपर्यंत पोचवायला एक चिक्कीचा तुकडा दिला तर बिघडलं कुठे?

दुसरं, त्याच प्रयोगात तिसरा एक गट होता, त्याचा उल्लेख तुम्ही केला नाहीत. त्या मुलांना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं, आधी काहीही कबूल केलेलं नव्हतं. त्यांची चित्रांची हौस मुळीच कमी झाली नाही. तेव्हा केलेल्या कामाचं कौतुक म्हणून खाऊ देण्यात दोष नाही. तुमच्या शुक्रवारात कौतुकाला जागा कुठे आहे? मूल आठवडाभर राबलं काय आणि लोळलं काय, गोळा तोच! मुलाला वाटेल की आपण काय करतो हे आई पाहतच नाही.

घणसोलीचा बाबा

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण तुमचा शुक्रवार माझ्या घरात बसत नाही. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घरी पोचतो तेव्हा मुलगी कधी जागी, कधी झोपलेली. मी रोज काहीतरी घेऊन येतो, अगदी दोन चिकू का होईना. दार उघडलं की ती आधी माझी बॅग उघडते. हा आमचा खाऊ. त्याला वार लावला तर बाकीच्या दिवशी मी रिकाम्या हाताने घरात शिरायचं, आणि ते मला जमणार नाही.

एक शंकाही आहे. बर्च बाईंचाच १९९९ चा आणखी एक प्रयोग आहे. मुलांना आवडणारा खाऊ पारदर्शक बरणीत समोर ठेवला आणि बहुतेक वेळ त्याला हात लावू दिला नाही, अगदी थोडाच वेळ दिला. मग मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलायला लागली, जास्त मागायला लागली. सहा दिवस बंद आणि सातव्या दिवशी सुरू, यात तुम्ही तेच करत नाही का?

आणि मॉलबद्दल. तुम्ही मॉलला नाव ठेवलं नाहीत, पण अशा चर्चेत कोणीतरी ठेवतंच, म्हणून आधीच सांगतो. जून ते सप्टेंबर पाऊस, एप्रिल-मेमध्ये उकाडा. धाकटा बाबागाडीत. फुटपाथवर बाबागाडी चालत नाही, बागेत स्वच्छतागृह सापडत नाही. सीवूड्सच्या मॉलमध्ये मुलगी सरकत्या जिन्याने वर-खाली करते, पुस्तकांच्या दुकानात तासभर बसते, आम्ही दोघं एक कॉफी घेतो. गेम झोनच्या कार्डात पैसे भरत नाही. तीही आमची चैनच आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

दंतवैद्य, वाशी

अट असावी की नसावी, ते तुम्ही ठरवा. मला 'रोज काहीतरी' या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. दातांच्या बाबतीत साखर किती यापेक्षा ती दिवसात किती वेळा तोंडात जाते हे जास्त महत्त्वाचं. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते आटोक्यात आणायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. दुपारभर एकेक गोळी चघळणाऱ्या मुलाचे दात सतत आम्लात असतात. तोच लाडू जेवणाबरोबर खाऊन टाकला तर नुकसान बरंच कमी. रात्री दात घासून झाल्यावर बाबांच्या बॅगेतून चॉकलेट निघणं हे सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ कमी होते. चिकू असेल तर तोही दात घासण्याआधीच द्या.

प्रमाणाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून, तसंच मध आणि फळांच्या रसातल्या साखरेतून, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर आणखी चांगलं. दिवसाला साधारण १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम, साडेचार-पाच चमचे. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अख्खं ताजं फळ यात मोजत नाहीत, तेव्हा करवंदं-जांभळं निश्चिंत खा.

आजी, कोपरी

माझ्या डब्याला वार नाही आणि अटही नाही. नातवंडं आली की बेसनाचा लाडू. सून म्हणते, आई, आज मंगळवार आहे. असू दे. मुलांना आईबापाच्या घरी शिस्त हवी, ते मी मानते. पण एक घर असं हवं जिथे विचारपूस न होता ताटलीत काहीतरी पडतं. डॉक्टरांचं ऐकून आता लाडू जेवणाबरोबर वाढेन. वेळापत्रक मात्र मला पाठवू नका.

कळव्यात वाढलेली

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच काढली नाही. बिनअटीचा खाऊ ही नवी कल्पना नाही. आमच्याकडे बाबांचा पगार झाला की त्या संध्याकाळी जिलबी-फाफडा यायचा. पगाराला आमच्या मार्कांशी देणंघेणं नव्हतं. नापास झालेल्या भावालाही तेवढाच वाटा. पुडा मधे ठेवून आई चार वाटे करायची आणि ज्याने वाटे केले त्याने शेवटी उचलायचं, हा नियम. म्हणून वाटे इतके सारखे असायचे की भांडणाला जागाच नाही.

आज माझ्या मुलाचा खाऊ दहा मिनिटांत दारात येतो, त्याच्या एकट्याच्या नावाचा, त्याच्या एकट्याच्या आवडीचा. मोठीला वेगळं, नवऱ्याला वेगळं. माझी खरी तक्रार ही आहे. अट आहे की नाही यापेक्षा, तो सगळ्यांनी एकत्र आणि एकच गोष्ट खाल्ली का, हे मी आधी विचारीन. मी हल्ली एकच ऑर्डर करते आणि ती सगळ्यांची असते. कोणाला नको असेल तर त्याने खाऊ नये, दुसरं येणार नाही. पहिले काही दिवस घरात रडारड झाली. आता होत नाही.

शुक्रवारपेक्षा पगाराचा दिवस मला जास्त पटतो. घरात पैसे येतात आणि त्यातून खाऊ येतो, हे मुलांना दिसायला हवं. आठवड्याचा वार कॅलेंडरवरून येतो, त्याच्यामागे कोणाचे कष्ट आहेत हे कळत नाही.

ऐरोलीचा विद्यार्थी

मुलांच्या बाजूने एक मत. आमच्या घरी मार्कांवर सगळं ठरायचं. पुस्तकं, सहल, दहावीच्या टक्क्यांवर फोन. त्याने मी अभ्यास जास्त केला का? थोडा केला असेन. पण कमी मार्कांचा पेपर दप्तराच्या तळाशी ठेवायला मी तेव्हाच शिकलो. एकेक पेपर म्हणजे एकेक गोष्ट हुकल्याची पावती, ती कोण दाखवेल? खाडीतले फ्लेमिंगो बोटीतून बघायची माझी फार इच्छा होती, ऐरोलीचं जैवविविधता केंद्र आमच्या घरापासून इतकं जवळ. 'नव्वद टक्के आण, मग नेतो.' नव्वद आले नाहीत. अकरावीत गेल्यावर मित्रांबरोबर गेलो. आईबाबांबरोबर जायचं होतं.

निवृत्त शिक्षिका, नौपाडा

@ऐरोलीचा विद्यार्थी, बाळा, हे वाचून वाईट वाटलं. पक्षी बघणं बक्षीस म्हणून राखून ठेवायचं नसतं, ते शिक्षणच आहे. पुस्तकं आणि सहली अटीतून काढाव्यात, हे मी मान्य करते. गडकरी रंगायतनला सुट्टीत बालनाट्य लागतं, तेही त्यातच. पण चिक्कीवर मी ठाम आहे. रोजच्या छोट्या कंटाळवाण्या कामाला छोटासा मोबदला, आणि काम जमायला लागलं की तो हळूहळू बंद. पेपर लपवणं मार्कांवर मोठी बाजी लावल्यामुळे होतं. 'दहा ओळी नीट लिहिल्या' यावर कोणी काही लपवत नाही.

पाचपाखाडीची आई

बाई, तिसऱ्या गटाची बाब तुम्ही बरोबर पकडलीत. पण ती माझ्याच बाजूने बोलते असं मला वाटतं. त्या मुलांशी आधी सौदा झाला नव्हता. तुम्ही चिक्की 'आधी लिही, मग देते' म्हणून पुढे करणार, म्हणजे सौदा झालाच. कौतुक मी भरपूर करते, तोंडाने. अक्षर सुधारलं तर कुठलं अक्षर सुधारलं ते बोट ठेवून दाखवते. मूल पाहिलं जातं ते तिथे. तरी ज्याची मुळीच आवड नाही अशा कामाला मोबदला लागतो का, यावर माझ्याकडे तुम्हाला खोडून काढेल असं काही नाही. तिथे आपण दोघी वेगवेगळं वागू.

@घणसोलीचा बाबा, बरणी समोर ठेवून हात लावू न देणं आणि खाऊ घरात आणूनच न ठेवणं यात मोठा फरक आहे. आमच्याकडे शुक्रवारशिवाय तो नजरेसमोर नसतो, त्यामुळे मागणंही फारसं होत नाही. पण तुमच्या बॅगेला मी नाव ठेवणार नाही. १९८० च्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता: मोठ्या माणसाने काही अट न घालता, मुलाकडे प्रेमाने लक्ष देऊन पदार्थ दिला, तरीही त्याची आवड वाढली. तुमच्या चिकूचं तेच होत असणार. ती आवड चिकूची लागावी, पुडीतल्या गोड गोळ्यांची लागू नये, एवढं मात्र तुमच्याच हातात आहे. आजींच्या लाडवालाही हेच लागू.

@कळव्यात वाढलेली, वाटे करण्याचा नियम आजपासून आमच्याकडे. पगाराच्या दिवसावर मात्र मी अडते. आमच्या घरात एक पगार महिनाअखेरीस येतो आणि दुसरा कामाप्रमाणे, कधी येतो कधी लांबतो. लांबलेल्या महिन्यात मुलांनी खाऊची वाट बघत बसावं आणि बापाच्या चेहऱ्याकडे पाहावं, हे मला नको आहे. तुमच्याकडे पगार चुकला तेव्हा काय व्हायचं?

कळव्यात वाढलेली

तेव्हा आई गूळ-शेंगदाणे द्यायची, आणि त्याचेही चार वाटेच व्हायचे. पगार लांबला आहे हे आम्हाला सांगितलेलं असायचं. मुलांना ते कळू द्यावं, या मतावर मी अजून आहे.