एल्डन रिंग: मार्गिट मरत नसेल तर
या गेममधला सुरुवातीचा मोठा बॉस मार्गिट मरत नाही म्हणून सगळे पॉइंट स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) ओततोयस, ते आधी थांबव बाबा. व्हिगर (म्हणजे हेल्थ वाढवणारा स्टॅट) निदान 20-25 कर, एका फटक्यात झोपलास तर एवढी मोठी तलवार घेऊन करणार काय. आणि तो काठी वर उचलून मुद्दाम थांबतो ना, तिथेच सगळे घाईत रोल (लोळण घेऊन फटका चुकवणं) मारतात न मार खातात, हात खाली यायला लागला की मगच रोल, तोही मागे नाही तर त्याच्याच अंगाकडे. आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला फिरून ये, तीन सेक्रेड टिअर आहेत, त्यांनी फ्लास्क (हेल्थ भरणारी बाटली) प्यायल्यावर हेल्थ जास्त भरते. लोन वुल्फ अॅशेस (मदतीला लांडगे बोलावणारी वस्तू) लावच, लांडग्यांत तो गुंतला की पाठीमागून हाण. चीटिंग म्हणणारे म्हणू देत. पॅचेस या विक्रेत्याकडची शॅकल (मार्गिटला थोडा वेळ जखडणारी बेडी) मात्र लढाईच्या पहिल्या फेजलाच चालते हां.