कोइंब्रात रोजचा चढ-उतार कसा जमवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी म्हापशाची. सप्टेंबरपासून एका सत्रासाठी पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात जातेय. १२९० साली स्थापन झालेलं आणि १५३७ पासून कायमचं याच शहरात स्थिरावलेलं हे विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर आहे. खाली मोंदेगू नदी आणि बाजाराचा भाग. नदीपलीकडे सांता क्लाराला खोली स्वस्त मिळतेय, म्हणजे रोज पूल ओलांडून अख्खी टेकडी चढायची.

चालायची मला मनापासून आवड आहे. पणजीला कॉलेजात असताना मळा या वस्तीतून आल्तिनो टेकडीवर रोज चढायचे, त्या वाटेनेच मला शहर कळलं. पण गेल्या पावसात तिथेच घसरून गुडघा दुखावला, तो अजून कुरकुरतो. कोइंब्रात वाटेवर गुळगुळीत चुनखडीचे दगड आहेत आणि हिवाळ्यात पाऊस पडतो, त्याची खरी धास्ती वाटते.

तिथे राहिलेलं कुणी आहे का? ओल्या दगडावर कुठल्या तळव्याचे बूट धरतात? दप्तर पाठीवर घेऊन रोज चढणं गुडघ्याला झेपेल, की भाडं जास्त देऊन वरच खोली घेऊ? पुढच्या आठवड्यात खोलीची आगाऊ रक्कम भरायची आहे, म्हणून जरा लवकर सांगा.