२४ वर्षं फासे टाकून मी चांगला खेळाडू झालो का? माझं उत्तर : नाही

विसाचा फासा

राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमचं डी अँड डी, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', चालतं. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पाच-सहा जण, प्रत्येकाचं एक पात्र, एक जण डीएम (डन्जन मास्टर) होऊन बाकीचं सगळं जग चालवणार, आणि पुढं काय होईल याची खात्री नसेल तिथं फासा टाकायचा. मी २००१ पासून खेळतोय. तिसरी आवृत्ती २००० साली आली, तिची पुस्तकं शिकायला पुण्यात असताना हाताला लागली. तिथून साडेतीन, मग चौथी, मग पाचवी. टेबलावर मला सगळे काका म्हणतात. नियमाचं अडलं की डोकी माझ्याकडं वळतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

गेल्या रविवारची गोष्ट. डीएमनं सगळा खेळ आपल्या मुलखात आणलाय. आमची टोळी गगनबावड्यासारख्या एका घाटातून कोकणात उतरत होती. वाटेत दगडी पूल, पुलाखाली ट्रोल नावाचा राक्षस. त्यानं पुरतं डोकं बाहेर काढायच्या आत मी बोलून मोकळा : "८४ हिट पॉइंट, आर्मर क्लास १५, दर फेरीला १० भरून येतात, आग नाहीतर अ‍ॅसिड." म्हणजे त्याचा जीव किती, चिलखत किती, जखमा किती भरतात आणि ते कशानं थांबतं. सगळ्यांनी ऐकलं. तेलाचे तिन्ही बुधले त्याच्यावर संपवले. ट्रोल जळला, आणि पुढच्या फेरीला परत धडधाकट. डीएमनं ट्रोल बदलला होता.

त्या दिवशी एक ताई पहिल्यांदाच आल्या होत्या. घरची गुळाची अडत, मार्केट यार्डात. दहाचा (म्हणजे दहा बाजूंचा) फासा कुठला आणि बाराचा कुठला, इथपासून सुरुवात. आम्ही झाडीत पळून लपलो तेव्हा त्यांनी डीएमला विचारलं, "मघाशी वरच्या गावात मीठ स्वस्त आहे म्हणालात. हा सगळ्यांच्या गाड्या अडवतो, तर मिठाच्या गाड्या घाट चढून येतातच कशा?"

मीठ स्वस्त आहे हे वाक्य मी ऐकलंच नव्हतं. मी त्या वेळी पात्राच्या शीटवर बुधले मोजत होतो.

तर मीठ लागलं की या ट्रोलची जखम भरत नाही, म्हणून मिठाच्या गाड्यांना तो हात लावत नाही. ताई उठल्या. म्हणजे त्यांचं पात्र उठलं, पण त्याही खरंच उठल्या. टेबलावरचा नॅपकिन डीएमच्या हातावर टाकला आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, तसा. म्हणाल्या, "मुठीत मीठ आहे. आता बोटं धरा आणि टोल किती घेणार ते सांगा." खोलीत फक्त पंख्याचा आवाज. डीएमनं दोन बोटं दाबली. महिन्याला दोन बकरी, गाडीवानांना हात लावायचा नाही. सौदा पटला.

आणि २४ वर्षांचा मी काय म्हणालो? "याला पर्सुएशनचा रोल लागेल." म्हणजे पटलं की नाही ते फाशानं ठरवा. डीएमनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

वर्षांनी खेळाडू चांगला होत नाही असं माझं मत झालंय. नियम पाठ होतात, राक्षस पाठ होतात, आणि जे पाठ आहे त्याकडं माणूस परत बघत नाही. पटत नसेल तर खाली प्रतिसादात हाणा.

लाल माती

काका, एका ट्रोलपायी २४ वर्षं पाण्यात घालू नका. तालमीत नवं पोरगं कधीतरी असा उलटा हात घालतं की जुना गडी पाठीवर. का, तर पुढं काय करायचं हे त्यालाच माहीत नसतं, समोरच्याला कुठून कळणार? तेच पोरगं महिनाभर रोज जोडीला धरा आणि मग बोला.

तुमच्या ताई भारीच खेळल्या, वाद नाही. पण त्यांना त्यांच्या धंद्यातलं कोडं मिळालं. पुढच्या वेळी पडक्या देवळातलं भूत आलं की काय करणार? टेबल वर्षभर टिकतं ते कुणामुळं? ज्याला कळतं की आता आपण गप्प बसायचं, ज्याला कळतं की सहा वाजलेत, डीएमची तयारी संपलीय आणि आता तिला श्वास घ्यायला वेळ द्यायला पाहिजे, म्हणून तो उगीच पात्रापात्रांत भांडण उकरून काढतो. हे पुस्तकात नसतं. वर्षंच लागतात.

उद्यमनगरकर

वर्षं शिकवतात, पण चूक समोर आली तर. आमच्या फौंड्रीत ओतणारा मिस्त्री नुसता रस बघून सांगतो, थांबा, अजून तापू दे. त्याला ते का येतं? कारण चुकला की दुसऱ्या दिवशी साचा फोडल्यावर कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, दिसतात. तिथं सुटलं तरी गिऱ्हाईक माल परत पाठवतं, आणि कुणाच्या पाळीत ओतलं होतं तेही निघतं.

इथं माल परत येतो का? तुम्ही तीन तास टेबलाचा जीव खाल्ला तरी लोक "मजा आली" म्हणतात, चहा पितात, घरी जातात. मी १५ वर्षं खेळतोय. तू वाईट खेळलास, असं मला आजवर कुणी म्हणालेलं नाही. म्हणजे एकतर मी फार भारी खेळतो, किंवा लोक सभ्य आहेत. पहिली शक्यता बायकोला मान्य नाही.

टेबल सोडलेली

उद्यमनगरकर दादा, माल परत येतो. आम्ही येणं बंद करतो.

एका टेबलावर मी चार रविवार गेले. माझी पाळी आली की दोन जुने खेळाडू एकमेकांशी बोलून ठरवायचे की मी कुठला मंत्र टाकायचा. वाईट नव्हते हो, मदतच करत होते. पाचव्या रविवारी मी घरी झोपले. त्यांना अजून वाटतंय की माझी परीक्षा होती.

मंगळवार पेठ ८६

विसाचा फासा, तुझं निदान चुकलंय. अनुभवाला दोष देऊ नकोस, तुझा अनुभव चुकीच्या काळातला आहे.

मी १९८६ ला सुरुवात केली, चुलतभावानं परदेशातून आणलेल्या पुस्तकांवर. मूळ खेळ १९७४ चा, गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा, तीन बारक्या पुस्तिका. त्यात पर्सुएशन नव्हतं, इन्व्हेस्टिगेशन नव्हतं, स्किलची ती लांबलचक यादीच नव्हती. भिंतीत काय आहे ते शोधायचं तर तोंडानं सांगावं लागायचं : दहा फुटी काठीनं टोचतो, पाणी ओतून कुठं मुरतं ते बघतो. शून्य हिट पॉइंट म्हणजे मेला. आताच्यासारखे तीन-तीन डेथ सेव्ह, म्हणजे मरता मरता वाचायचे फासे, कोण देत होतं? १९७८ ला छापलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या तयार मोहिमेच्या पुस्तकात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड उघडं, आत काळोख. जो आत शिरला तो संपला. तिथं तुझ्या पात्राची लेव्हल कामाला येत नाही, तुझं डोकं येतं.

ताईंनी केलं ते शंभर टक्के आमचं खेळणं. तू २००१ चा. तुझ्या पिढीला पटवायलासुद्धा बोनस लागतो.

घोडा अडीच घर

थोडी दुरुस्ती. १९७४ च्या पुस्तिकांतही समोरचा राक्षस कसा वागेल यासाठी रिअ‍ॅक्शनचा तक्ता होता, सहाच्या दोन फाशांचा. पात्राच्या करिश्म्याच्या आकड्याचा त्यावर परिणाम व्हायचा. त्यामुळं "आमच्या काळी सगळं डोक्यावर" हे जरा आठवणीतलं चित्र आहे.

मूळ मुद्द्याबद्दल : १९७३ साली चेस आणि सायमन या दोघा संशोधकांनी (हो, बुद्धिबळावर काम करणाऱ्याचं आडनाव खरंच चेस) एक प्रयोग प्रसिद्ध केला. पट पाच सेकंद दाखवायचा आणि मग आठवून मोहरी मांडायची. खऱ्या डावातली मांडणी असेल तर मास्टर नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर ठेवायचा. मोहरी कशीही विस्कटून मांडली की त्याचं पुढं असणं जवळजवळ संपायचं. म्हणजे त्याची नुसती स्मरणशक्ती दांडगी नव्हती, ओळखीचे आकार दिसायचे. डीएमनं ट्रोल बदलला म्हणजे काकांच्या पटावरची मोहरी विस्कटली, एवढंच झालं.

स्वतःचं सांगतो. डी अँड डीत मी नऊ वर्षं घासली होती. मग 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथेच्या खेळाच्या टेबलावर बसलो. खेळ १९८१ चा, टक्क्यांचे फासे, आणि तिथं फाशावर आकडा कमी पडला तर जिंकतो. पहिल्याच तासात तळघरात काहीतरी सरपटलं आणि मी सवयीनं बंदूक काढून आत. बाकीचे नवखे दार लावून वरच थांबले होते. त्यांचं बरोबर होतं.

लाल माती

किती जणांवर होता तो प्रयोग?

घोडा अडीच घर

तीन. एक मास्टर, एक बरा खेळाडू, एक नवखा. पण त्याआधी डी ग्रूट या मानसशास्त्रज्ञाचंही काम आहे, आणि नंतर

लाल माती

तीन जणांवर! एवढ्यात तर मिसळीच्या टेबलावरसुद्धा निकाल लागत नाही भावा.

कट मारके

मिसळीचा विषय निघालाच आहे तर रविवारच्या सेशनला नाश्ता कोण आणतं? मी येतो. खेळता येत नाही.

मंगळवार पेठ ८६

रिअ‍ॅक्शनचा फासा डीएम टाकायचा, खेळाडू नाही. आणि आठवणीतलं चित्र म्हणणाऱ्यानं एकदा माझ्या टेबलावर यावं. काठी स्वतःची आणावी.

पडद्यामागची

मीच ती डीएम. काका, तुम्ही धागा काढलात हे मला आज कळलं. आता ऐका.

ट्रोल मी तुमच्यामुळंच बदलला. चार वर्षं दर राक्षसाचं आधार कार्ड तुम्ही मोठ्यानं वाचता. मी रात्री बारा-बारापर्यंत बसून आवाज, वास, चिखलातले पायाचे ठसे असं काय काय लिहून आणते, आणि तुम्ही ते एका आकड्यात संपवता. आणि त्याच्या आधीच्या रविवारी शत्रूच्या तोंडासमोर उभं राहून बाण मारला तर त्याला फुकटचा वार मिळतो, म्हणून २० मिनिटं वाद घातलात. तो नियम साडेतीनचा. पाचवीत नुसतं डिसअ‍ॅडव्हांटेज असतं, दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. मी पुस्तक उघडून दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, "जुनाच बरा होता." हे झालं माझं गाऱ्हाणं.

पण त्या दिवशीचं एक तुम्ही लिहिलेलंच नाही. ताईंनी नॅपकिनखाली हात घातला तेव्हा तुमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा, तो धनुर्धारी, झाडीतून नेम धरून बसला होता. त्यानं फासा उचलला. ट्रोल मान खाली घालून उभा, यापेक्षा चांगली संधी कुठली? तुम्ही त्याच्या मनगटावर हात ठेवलात, मान हलवलीत. त्यानं फासा खाली ठेवला. मला पडद्यामागून दिसलं. तो बाण सुटला असता तर सौदाही गेला असता आणि बहुतेक ताईही. टेबलावरच्या नव्या माणसाला हे सुचत नाही, कारण त्याचं लक्ष स्वतःच्या पाळीवर असतं. लाल माती म्हणतात ते हेच असावं.

आणि तुमच्या त्या पर्सुएशनच्या रोलवर मी चिडले होते, खरंय.

उद्यमनगरकर

घ्या काका. २४ वर्षांनी साचा फोडला एकदाचा.

सौदा

मी त्या अडतवाल्या ताई. लेकानं धागा दाखवला म्हणून खातं काढलं. चांगलं खेळले की नाही ते मला माहीत नाही. मिठाचं विचारलं, कारण जो माल अडलेला असतो तो महाग होतो. वरच्या गावात मीठ स्वस्त होतं म्हणजे ते अडत नव्हतं. यात हुशारी कसली, रोजचं आहे. रुमालाचं सासऱ्यांकडून ऐकलेलं, मी स्वतः कधी केलेलं नाही. तिथं बसल्यावर हात आपोआप गेला.

एक विचारायचं होतं. काकांनी पहिल्या तासात माझं पात्र बनवून दिलं, सगळे आकडे भरून दिले, मला काही कळत नसताना एकदाही चिडले नाहीत. ते कशात धरायचं?

आणि लाल माती दादा, पडक्या देवळात भूत आलं तर आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघेन.

टेबल सोडलेली

ताई, तुमच्या टेबलावर एखादी खुर्ची रिकामी आहे का?

पडद्यामागची

आहे. दुपारी तीन. तुमचे मंत्र तुम्हीच निवडायचे.

विसाचा फासा

सगळ्यांचं वाचलं. आधार कार्डाचं मान्य. साडेतीनच्या बाबतीत अजूनही म्हणतो, जुनाच बरा होता.

पण डीएमताई, त्या मनगटाचं तुम्ही फार मोठं करून सांगितलंत, आणि आता गप्प बसलो तर फुकटचं श्रेय घेतल्यासारखं होईल. मी त्याचा हात धरला, कारण त्यानं बाराचा फासा उचलला होता. बाण मारायला विसाचा लागतो. मान हलवली ती त्याच्यासाठी. तेवढ्यात तुमचं बोटांचं सुरू झालं आणि त्यानं दुसरा फासा घ्यायचा राहून गेला.

लाल माती

काका, हे सांगायची काही गरज नव्हती.