मंगोलिया: आई शाकाहारी, मुक्काम गेरमध्ये (गोल तंबूत). मदत हवी आहे

जुलैत नादाम या राष्ट्रीय उत्सवासाठी (११ ते १३) उलानबातर, मग चार रात्री अरखांगाई प्रांतात पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये. मी सगळं खातो, आईला दूध-दही चालतं, मांस-अंडं नाही.

गाइडशी बोलून झालंय. तो म्हणतो, 'माखगुई' म्हणजे बिनमांसाचं सांगितलं की त्सुइवान (परतलेल्या शेवया) तसं करून देतील. पण कढईत मेंढीची चरबी असेल तर? यावर त्याचं उत्तर नुसतं 'नो प्रॉब्लेम', म्हणजे काय ते कळलंच. बूझ (वाफवलेले मोमो) आणि खूशूर (तळलेल्या करंज्या) मांसाचेच, ते सोडून दिले. मित्राने आणलेला आरूल (वाळवलेला दह्याचा चक्का) आईने चाखला: खडूसारखा कडक, आंबटढाण, पण तिला आवडला! मीठ घातलेला दुधाचा चहाही चालेल. सोबत भाजणी, मेतकूट नेतोय. इंडक्शन सुचवू नका, तिथे सोलरवर फोन चार्ज झाला तरी खूप. चूल शेणाच्या गोवऱ्यांची.

कुणी तिथे घरगुती राहिलं असेल तर दोनच गोष्टी सांगा. त्यांच्या चुलीवर आपलं भांडं ठेवून थालीपीठ लावलं तर यजमानांना वाईट वाटतं का? आणि ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, किंचित मद्य असल्याने आईला नकोय. वाटी उजव्या हाताने घेऊन नुसती ओठांना लावून परत दिली तर चालतं का?