मदत हवी आहे: डिलिव्हरी मॅनेजर की आर्किटेक्ट? वरपर्यंत कुठली वाट जाते?

खानापूरकर: बेळगावची बी.ई. (व्हीटीयू), ९ वर्षं अनुभव, पुण्यात आयटी सर्व्हिस कंपनीत टीम लीड, हाताखाली १० जण. आता डिलिव्हरी मॅनेजर (ग्राहकाचं काम वेळेत पूर्ण करून घेणारा) किंवा सोल्यूशन आर्किटेक्ट (सिस्टीमचा तांत्रिक आराखडा ठरवणारा), यातलं एक निवडायचंय. ध्येय युनिट हेड, म्हणजे एका विभागाचा प्रमुख, जमलं तर त्याच्याही वर. एमबीए लागतंच का?

टिळकवाडी_कट्टा: पदाच्या नावावर जाऊ नका. नफा-तोट्याचा आकडा कुणाच्या नावावर, एवढंच विचारा. समजा, १० जण, तासाला २५ डॉलर, महिन्याला १६० तास: बिलिंग, म्हणजे ग्राहकाकडून येणारे पैसे, ४०,००० डॉलर. खर्च २६,००० असेल तर मार्जिन, म्हणजे उरणारा नफा, ३५ टक्के. एकाचं बिलिंग थांबलं की उत्पन्न ३६,०००, पगार मात्र चालूच. मार्जिन २८ च्या खाली. हा हिशेब ज्याला द्यावा लागतो, तोच पुढे युनिट हेडच्या यादीत येतो. निव्वळ स्टेटस रिपोर्ट फिरवणारा मॅनेजर ४० माणसं सांभाळूनही तिथेच राहतो.

नंदगडचा_विनू: एमबीएचं म्हणाल तर उदाहरणं दोन्हीकडची आहेत. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला १९९२ ला तिथे आले, नोकरी करता करता १९९७ ला शिकागोचं एमबीए केलं. चंद्रशेखरन एमसीए करून १९८७ ला टीसीएसमध्ये लागले, २००९ ला सीईओ झाले. अरविंद कृष्ण पीएचडीवाले, १९९० पासून आयबीएममध्ये, २०२० ला सीईओ. तेव्हा पदवीवर अडून बसू नका.

नडेलांचं २०११ चं पाऊल जरूर बघा. बिंग या सर्च इंजिनचं काम सोडून ते सर्व्हर अँड टूल्स विभागाचे प्रमुख झाले. तिथली कमाई सर्व्हरच्या परवान्यांची, आणि अझूर ही क्लाउड सेवा बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. जुना धंदा सांभाळत नवा वाढवायचा, हे अवघड काम त्यांच्या वाट्याला आलं. २०१४ ला सीईओ झाले.

टिळकवाडी_कट्टा: बरोबर. तुमच्या कंपनीत असा वाढणारा पण अजून लहान विभाग कुठला, ते शोधा. नुसतं चकचकीत नाव असलेला नको. त्याला पैसे देणारा ग्राहक आहे का ते बघा.

अनगोळ_४: लोक अडकतात ते १२ ते १५ वर्षांच्या टप्प्यावर. एकाच ग्राहकाच्या खात्यात, म्हणजे त्याच्याच कामात, रुतलेले असतात. खातं गेलं की ओळखही जाते. दुसरं म्हणजे आपल्या जागी कुणाला तयारच केलेलं नसतं, मग वरचा साहेब सोडत नाही. आत्ताच दोघांना ग्राहकाच्या कॉलवर बोलतं करा.

आणि हो, बेळगावला घरी बसून आर्किटेक्ट होता येईल, युनिट हेड होणं कठीण. नवीन काम मिळवायला ग्राहकापुढे जाऊन बसावं लागतं. बेंगळुरूची जागा निघाली तर मागे राहू नका, कन्नड येतंय ही जमेची बाजू.

खानापूरकर: एचआर म्हणतंय, डिलिव्हरीत मार्जिन माझ्या नावावर नसेल.

टिळकवाडी_कट्टा: मग आर्किटेक्ट घ्या, पण प्रीसेल्समध्ये, म्हणजे कंत्राट मिळण्याआधी प्रपोजल तयार करणाऱ्या टीममध्ये. प्रपोजलचा अंदाज, दर, जोखमीची राखीव रक्कम, सगळं तिथे हातून जातं. वर्षाच्या उद्दिष्टात "किती कंत्राटं मिळाली" हा आकडा लिहून घ्या, तोही ईमेलवर. तोंडी कबुली अप्रेझलला कुणाच्या लक्षात राहत नाही.